सर्दी-खोकल्यावर अँटिबायोटिक: ओपीडीतल्या या चुका टाळा

सोमवारी संध्याकाळी दवाखान्यातला बाक भरलेला असतो आणि त्यातले निम्मे नाक ओढत बसलेले असतात. "डॉक्टर, जरा स्ट्राँग द्या, उद्या बाजार आहे." पेन आपसूक अझिथ्रोमायसिन लिहायला लागतं. पहिली काही वर्षं मीही तेच केलं. विषाणूवर अँटिबायोटिक चालत नाही, हे नव्याने प्रॅक्टिस सुरू करणाऱ्यालाही पाठ असतं. घोटाळा त्याच्या पुढे होतो.

सगळ्यात फसवी चूक म्हणजे गुणाचं श्रेय. पेशंट येतो तिसऱ्या दिवशी, त्रास अगदी टिपेला असताना. साधी सर्दी तिथून उतरणीलाच लागते. आपण तीन गोळ्यांची पट्टी देतो, त्याला बरं वाटतं आणि डॉक्टरांच्या हाताला गुण आहे असं तो शेजाऱ्यालाही सांगतो. पुढच्या सर्दीला मात्र तो आपल्याकडे येतच नाही, मेडिकलमध्ये जाऊन तीच पट्टी मागतो. मेडिकलवाल्याला नावं ठेवण्याआधी ही सवय कुणी लावली ते बघावं. शिवाय कोर्स तीन दिवसांत संपला तरी औषध संपत नाही. अझिथ्रोमायसिनचं अर्धायुष्य, म्हणजे शरीरातलं औषध निम्म्यावर यायला लागणारा वेळ, साधारण 68 तास आहे, त्यामुळे ते शरीरात पुढे बरेच दिवस रेंगाळतं आणि घशात एरवी गुमान राहणाऱ्या जिवाणूंमधले चिवट तेवढे मागे उरतात. डब्ल्यूएचओच्या वर्गवारीत अझिथ्रोमायसिन आणि सेफिक्झिम दोन्ही जपून वापरायच्या 'वॉच' गटात आहेत, तर अमॉक्सिसिलिन पहिल्या पसंतीच्या 'ॲक्सेस' गटात. आपल्या चिठ्ठ्या बघाल तर नेमक्या उलट्या.

"शेंबूड हिरवा झालाय, म्हणजे इन्फेक्शन वाढलं ना?" चार वर्षांच्या मुलाला घेऊन आलेल्या एका आईचा प्रश्न. हिरवा रंग येतो तो आपल्याच पांढऱ्या पेशींमधल्या एका एन्झाइममुळे, आणि विषाणूच्या सर्दीतही तो येतोच. रंग बघून औषध ठरवू नका. मी पोराचा शर्ट वर केला आणि घड्याळ धरून पूर्ण मिनिटभर श्वास मोजले. अठ्ठावीस. बरगड्यांखाली छाती आत ओढली जात नव्हती, साहेब माझा टॉर्च पळवायच्या बेतात होते. एक ते पाच वर्षांच्या मुलाला मिनिटाला 40, दोन महिने ते एक वर्ष 50 आणि त्याहून लहान बाळाला 60 किंवा जास्त श्वास लागत असतील, तर न्यूमोनिया डोक्यात आणायचा. (मूल रडत असताना मोजलेला आकडा धरू नका.) आई माझ्याबरोबर मोजत होती. त्या मिनिटानंतर तिने अँटिबायोटिकचा विषयच काढला नाही. पेशंटला बरेचदा गोळी नको असते, आपल्याला कुणी नीट बघितलं एवढंच हवं असतं, आणि घाईत आपण त्या बघण्याची भरपाई गोळीने करतो.

घशाच्या बाबतीत चूक दोन्ही बाजूंनी होते. लाल घसा दिसला की अँटिबायोटिक, ही एक. ताप 38 अंशांच्या वर, टॉन्सिलवर पांढरे चट्टे, मानेच्या पुढच्या बाजूला दुखऱ्या गाठी आणि खोकला नसणं, या चारपैकी किमान तीन गोष्टी जुळल्या तरच स्ट्रेप्टोकोकसचा, म्हणजे घसा बिघडवणाऱ्या जिवाणूचा, संशय घ्यावा. नाक वाहतंय, आवाज बसलाय, खोकला आहे, तर बहुधा विषाणूच. दुसरी चूक म्हणजे खऱ्या स्ट्रेप्टोकोकसला तीन दिवसांत गुंडाळणं. तिथे पेनिसिलिन किंवा अमॉक्सिसिलिन पूर्ण दहा दिवस, कारण त्यातून पुढे येऊ शकणाऱ्या ऱ्हुमॅटिक तापाने हृदयाच्या झडपा खराब झालेली मुलं आपल्याकडे अजून दिसतात. कॉलेजच्या वयाचा पेशंट, प्रचंड थकवा, मानेच्या मागेही गाठी, असं असेल तर अमॉक्सिसिलिन देताना थांबा. तो एपस्टीन-बार विषाणू असला तर अंगभर पुरळ उठतं आणि बिचाऱ्याच्या फाइलवर 'पेनिसिलिनची ॲलर्जी' जन्मभर चिकटते.

सायनसला दहा दिवस उलटूनही उतार नसेल, किंवा बरं होत आलेलं पुन्हा बिघडलं, तर अँटिबायोटिकचा विचार करा. चौथ्या दिवशी नाही.

"खबरदारी म्हणून" हे कारण तर सर्रास चालतं. सर्दीचा न्यूमोनिया होऊ नये म्हणून धडधाकट माणसाला अँटिबायोटिक दिल्याने काही साधत नाही, जुलाब तेवढे होतात. (दमेकरी, सीओपीडी या फुप्फुसांच्या जुनाट आजाराचे आणि वयस्कर पेशंट यांचा हिशेब वेगळा, त्यांना तपासूनच ठरवा.) जानेवारी 2024 मध्ये आरोग्य सेवा महासंचालनालयाने डॉक्टरांना आवाहन केलं होतं की अँटिबायोटिक लिहिताना त्यामागचं कारणही चिठ्ठीवर लिहा. करून बघा. 'व्हायरल सर्दी' लिहून त्यापुढे अझिथ्रोमायसिन लिहिताना पेन अडखळतं.

आता माझी सगळ्यात महागडी चूक. एका शिक्षकांचा खोकला हटेना म्हणून मी लिव्होफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक दिलं. आठवडाभरात बरं वाटलं, मीही खूश. दीड महिन्याने आले ते पँट कमरेवरून घसरत होती. टीबी निघाला. हे औषध टीबीच्या जंतूंवरही थोडंफार चालतं, त्यामुळे आजार तात्पुरता दबतो आणि निदान लांबतं.

आता मी चिठ्ठीच्या मागे मराठीत लिहून देतो: 'खोकला साधारण अडीच आठवडे राहू शकतो. धाप लागली, छातीत दुखलं, ताप उतरून पुन्हा चढला तर लगेच या. दोन आठवडे झाले तर बेडका तपासायचा.' विषाणूचा खोकलाही अडीच आठवडे रेंगाळतो, मग दोनलाच तपासणी कशाला, असं एका शिकाऊ डॉक्टरने विचारलं. सरकारी केंद्रात ती फुकट होते, आणि पँट घसरलेले सर मला अजून आठवतात.