बाराबंदीचा पांढरा पांढराच राहावा म्हणून

संक्रांत जवळ आली की सोलापुरात बाराबंद्या, म्हणजे बंदांनी बांधायचे पांढरे अंगरखे, इस्त्रीला जातात. सिद्धेश्वर यात्रेत नंदीध्वजांबरोबर (मिरवणुकीतल्या उंच काठ्यांबरोबर) चालायला निघण्याआधी आजोबा-नातवाचा एक तरी फोटो होतोच. त्यात पांढरा बिघडला की सगळा फोटो बिघडतो. म्हणून तयारी आदल्या दिवशीच करा.

पहिली चौकशी कापडाची. बाराबंदी कशाने धुतली, नीळ दिली का, हे घरच्यांना सरळ विचारा. धुण्याच्या बऱ्याच पावडरींत शुभ्रता वाढवणारी द्रव्यं असतात. ती डोळ्यांना न दिसणारा अतिनील प्रकाश शोषून निळा प्रकाश बाहेर टाकतात. त्यामुळे उघड्यावर, कधी फ्लॅशमध्येही, चेहरा ठीक येतो आणि कापड तेवढं निळसर-जांभळं उमटतं. म्हणूनच व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरा कशाला धरायचा हे कॅमेऱ्याला सांगणारी सेटिंग, कपड्यावरून घेऊ नका. कापडातली निळाई जाईल, पण चेहरा पिवळा पडेल. पिशवीत ग्रे कार्ड, म्हणजे कुठलीही झाक नसलेलं राखाडी कार्ड, ठेवा. ते चेहऱ्याजवळ धरायला सांगून पहिला शॉट घ्या, उजेड बदलला की पुन्हा घ्या. कॅमेरा रॉवर, म्हणजे रंग नंतर नीट सुधारता येतील अशा कच्च्या फाइलवर, ठेवा.

जागा मात्र नीट वेळ देऊन बघा. मागे एकदा भगव्या कापडाच्या मांडवाखाली एका कुटुंबाचे फोटो घेतले आणि गडबडीत मी वर पाहिलंच नाही. घरी स्क्रीनवर बघतो तर खांदे नारिंगी, आणि खालच्या हिरव्या मॅटमुळे बंदांच्या गाठींखालच्या चुण्या हिरवट. एकाच कपड्यावर दोन झाका! रात्री दोनपर्यंत बसलो, तरी डावी बाही मनासारखी झाली नाही. तेव्हापासून वर काय, खाली काय, शेजारच्याच्या अंगावर कुठला रंग, हे बघितल्याशिवाय मी कुणाला उभं करत नाही. उजेडाचा रंगही बघा. तो केल्विनमध्ये मोजतात; आकडा लहान तितका उजेड पिवळा, मोठा तितका निळसर. दुपारचं ऊन साधारण 5500 केल्विनचं, निळ्या आकाशाखालची सावली 7000 च्या पुढची, घरातला पिवळा बल्ब 2700 ते 3000 चा. खिडकीपाशी फोटो घेणार असाल तर बल्ब बंद करायला सांगा.

फ्रेममध्ये पांढरं जास्त असलं की कॅमेऱ्याचा उजेड मोजणारा मीटर फोटो काळपट करतो, तेव्हा एक्स्पोजर पाऊण-एक स्टॉप वाढवा (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड). पण हिस्टोग्राममध्ये, म्हणजे कॅमेऱ्यातल्या उजेडाच्या आलेखात, लाल, हिरवा, निळा वेगवेगळे तपासा. त्यातला एक जरी उजव्या कडेला जाऊन आदळला, तर तिथला खरा रंग नंतर आणता येत नाही.

एडिटिंगला बसण्याआधी स्क्रीनचा नाइट मोड बंद आहे ना, ते बघा. आधी कार्डवरून चेहरा बरोबर करा, मग मास्क लावून, म्हणजे फक्त कपड्याचा भाग निवडून, सॅच्युरेशन (रंगाचा गडदपणा) उतरवा. मास्कची कड गळ्याशी आणि मनगटाशी मोठी करून तपासा; त्वचेवर सरकली तर तिथे राखाडी पट्टा उमटतो. रंग पूर्ण काढू नका. चुण्यांतल्या सावलीत थोडी निळाई असतेच, ती गेली की सुती कापड सिमेंटसारखं दिसतं. उजळ भागात लाल, हिरवा, निळा या तिन्ही रंगांचे आकडे (0 ते 255 च्या मापात) 240 च्या आसपास जवळजवळ सारखे आले की हात थांबवा.

मोठी प्रिंट काढणार असाल तर आधी 4 बाय 6 ची एक काढून घ्या. खिडकीपाशी ती त्याच बाराबंदीवर ठेवून बघा, आणि शेजारी आजोबांनाही बोलवा.