मोठ्या वाहिनीची ट्रेडमार्क नोटीस आली तर

तुमच्या साइटचं नाव आपल्या नावासारखं आहे, असं एखाद्या टीव्ही वाहिनीने नोटिशीत म्हटलं, तर घाबरून डोमेन (साइटचा इंटरनेटवरचा पत्ता) सोडू नका आणि साइटवरचं काहीही पुसू नका. जुनी पानं हाच तुमचा पुरावा. डोमेन-नोंदणीची पावती, होस्टिंगची बिलं, वेबॅक मशीन या जुनी वेबपानं जपणाऱ्या साइटवरच्या प्रती तारखेनुसार लावा. ट्रेडमार्क कायदा, 1999 चं कलम 34 इथे कामाला येतं: वाहिनीने केलेला त्या नावाचा वापर किंवा नोंदणी, यांत जे आधीचं, त्याच्याही आधीपासून त्याच सेवेसाठी तुमचा अखंड वापर असेल, तर तिला तो अडवता येत नाही. मध्ये वर्ष-दोन वर्षं साइट बंद असेल, तर बाजू इथेच लंगडी पडते.

डॉट कॉम डोमेनवर यूडीआरपी (डोमेनच्या वादांची आंतरराष्ट्रीय प्रक्रिया) खाली तक्रार झाली, तर उत्तराला 20 दिवस. तुमच्या ट्रेडमार्क अर्जाला विरोध आला, तर त्याची प्रत मिळाल्यापासून 2 महिन्यांत प्रतिनिवेदन (विरोधाला लेखी उत्तर) द्या. नाहीतर अर्ज सोडून दिला असं धरतात. आणि “हवं तर डोमेन विकत घ्या” असं चुकूनही लिहू नका, तेच वाक्य दुर्हेतूचा पुरावा म्हणून पुढे येतं.