थंडी पडली की लिंबाची कोवळी पालवी उलटून बघा

ठाण्यात डिसेंबर-जानेवारीत सकाळी जरा गारवा आला की आपल्याला बरं वाटतं, पण माव्याला (कोवळ्या पालवीचा रस शोषणारी बारीक कीड) पण तेव्हाच बरं वाटतं, हे लक्षात ठेवा. २० ते २५ डिग्री म्हणजे त्याचं आवडतं हवामान, एवढ्या तापमानात पिल्लू साधारण आठवड्याभरात मोठं होतं आणि लगेच स्वतःची पिल्लं द्यायला लागतं, नर लागत नाही, अंडी नाहीत, थेट जिवंत पिल्लं! थंड देशांत मावा हिवाळा सालीवर अंड्यात काढतो, आपल्याकडे तेवढी थंडीच नसते त्यामुळे तो थांबतच नाही.

माझ्या घोडबंदर रोडच्या गॅलरीतल्या लिंबाला सोमवारी चार-पाच काळे ठिपके होते, नंतरच्या रविवारपर्यंत शेंडा पूर्ण काळा, पानं वळलेली, खालची पानं चिकट आणि मुंग्यांची रांग. मुंग्या दिसल्या की समजा वर मावा आहे, मावा जो चिकट गोड रस सोडतो त्यासाठी त्या त्याची राखण करतात.

म्हणून थंडीत दर तीन-चार दिवसांनी शेंडे बघाच. थोडा असेल तर पाण्याचा जोरदार फवारा पानाच्या खालून मारा, जास्त असेल तर लिटरभर पाण्यात ५ मिली नीमतेल आणि थोडा लिक्विड सोप घालून संध्याकाळी फवारा, दुपारच्या उन्हात अजिबात नको, पानं जळतात. आठवड्याने परत. ढालकिडे (लेडीबर्ड) किंवा त्यांच्या अळ्या दिसल्या तर प्लीज फवारू नका, ते खातात माव्याला.

एप्रिलमध्ये पारा ३५ वर गेला की मावा आपोआप कमी होतो, पण तोपर्यंत मोहोर गेलेला असतो.