ऑनलाइन ग्रुपचा धंदा काढताय? आधी या चुका टाळा

नागपुरात धरमपेठेतल्या माझ्या गच्चीवर अधूनमधून कुणीतरी येतं आणि म्हणतं, "ताई, ग्रुप काढतोय, नाव सुचवा ना." मी विचारते, "लोकांचं कोणतं काम तू न कंटाळता करतोस?" बहुतेक जण गप्प होतात. लोगो तयार, फी ठरलेली, या प्रश्नाचं उत्तर तेवढं नसतं.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे दुसऱ्याची पद्धत जशीच्या तशी उचलणं. ही मी स्वतः केली. 2021 मध्ये गच्चीवरच्या बागेचा फी घेऊन ग्रुप काढला. एक जण रोज रात्री आठला लाइव्ह घ्यायचा आणि त्याच्याकडे गर्दी असायची, म्हणून मीही रोज लाइव्ह. कॅमेऱ्यासमोर पंधरा मिनिटांत माझे शब्द संपायचे. मे महिन्यात नागपूरचं ऊन काय असतं ते सांगायला नको. लोकांची टोमॅटोची रोपं करपत होती आणि मी त्यांचे फोटो उघडायचे सोडून संध्याकाळी पाचपासूनच आठच्या धास्तीत. तीन महिन्यांत साठातले वीस उरले. त्यातल्या एका काकूंनी लिहिलं, "तुम्ही पूर्वी कुंडीचा फोटो बघून लिहून सांगायच्या, ते जास्त समजायचं." अगदी खरं होतं ते. एका माणसाची माती, पान, हिरवी जाळी बघायची, दोन प्रश्न विचारायचे आणि नीट लिहायचं, हे मी मध्यरात्रीपर्यंत करू शकते. लाइव्ह त्याच आठवड्यात बंद केलं. आता बुधवारी फोटो मागवते, रविवारी उत्तरं लिहिते.

विषय येतो म्हणजे माणसंही सांभाळता येतील, हा दुसरा गैरसमज. लोक वेबसाइट कशा वापरतात याचे अभ्यासक जेकब नील्सन यांनी 2006 मध्येच मांडलं होतं की ऑनलाइन समूहात साधारण शंभरातले नव्वद फक्त वाचतात, नऊ कधीमधी बोलतात, एकच सतत बोलतो. समोरच्याचे चेहरे बघून ज्यांना हुरूप येतो, त्यांना ही शांतता खाते. त्यांनी फुटाळा तलावाच्या काठावर दहा माणसं जमवून सुरुवात करावी आणि ग्रुप फक्त निरोपांपुरता ठेवावा.

आपण कशात चांगले आहोत ते सांगणारी गॅलप कंपनीची 34 गुणांची चाचणी देऊन थांबू नका. गुणांची नावं कळतात, तुमचा सोमवार कसा जातो ते त्यात दिसत नाही. म्हणून विचारायला येणाऱ्यांना मी पंधरा दिवस रोज रात्री वहीत दोन ओळी लिहायला लावते: आज कुणी न सांगता काय केलं, आणि काय पुढे ढकललं. घाईतली मुलं चौथ्या दिवशी वही सोडतात. त्यांना मी पुढचं काही सांगत नाही.

व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपची 1024 सदस्यांची मर्यादा गाठायची घाई नको. नातेवाइकांना भरती करू नका.

आणि पहिल्याच महिन्यात वर्षाची फी घेऊ नका. माझ्यासारखं मध्येच कामाची पद्धत बदलावी लागली, तर ते पैसे परत करावे लागतात.