स्टीलवर हिऱ्याचं टूल, सोबत ग्राफीनचं कूलंट: या चुका टाळा

वाळूजच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका शेडमध्ये आम्ही स्टील कापायला हिऱ्याचं टूल लावलं आणि कूलंटमध्ये, म्हणजे कापताना थंडावा देणाऱ्या द्रवात, ग्राफीन (कार्बनचे अतिपातळ पापुद्रे) घातलं. प्रयोग मोठ्या हौसेनं केला. अ‍ॅल्युमिनियमवर महिनोन्‌महिने टिकणारं टूल स्टीलवर काही फेऱ्यांतच निकामी झालं, ग्राफीन घालूनसुद्धा.

स्टील हिऱ्यापेक्षा कितीतरी मऊ, मग हिरा झिजतो कसा? घासून नव्हे, रसायनानं. लोखंडाला कार्बनची ओढ असते. धारेशी तापमान ७०० अंश सेल्सिअसच्या घरात गेलं की लोखंडाच्या संगतीत हिऱ्याचं ग्रॅफाइट होऊ लागतं, तो कार्बन लोखंडात जिरतो आणि चिपबरोबर (कापून निघणाऱ्या किसाबरोबर) निघून जातो. म्हणून कूलंटला दोष देण्याआधी धार भिंगाखाली धरा. गुळगुळीत खळगा दिसला तर उष्णतेचा मामला, कटिंग स्पीड उतरवा. टवका उडालेला असेल तर रनआउट (फिरताना होणारं डगमगणं), जॉबची म्हणजे कापायच्या तुकड्याची पकड, मशीनची थरथर तपासा. तिथं ग्राफीन काय करणार?

ग्राफीनचे पापुद्रे टूल आणि चिपच्या मध्ये सरकून घर्षण कमी करतात, पण ते पाण्यात तरंगत राहिले तरच. आमची मोठी चूक इथंच झाली. टाकीत बोअरचं पाणी ओतलं. आपल्याकडच्या जड पाण्यातल्या कॅल्शियमनं पापुद्रे वेगळे ठेवणारं रसायनच निकामी केलं. सुट्टीनंतर सकाळी झाकण उघडलं तर वर फिकट पाणी, तळाला बोटभर काळा गाळ! आता आरओचंच पाणी घालतो, टॉप-अपलाही. मे महिन्यात पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात, त्यामुळे उन्हाळ्यात हे जास्तच सांभाळावं लागतं. बंद मशीनची टाकी ढवळल्याशिवाय पहिला जॉब लावू नका.

‘जास्त काळं म्हणजे जास्त चांगलं’ हाही गैरसमजच. डोस वाढला की गुठळ्या होतात, एमक्यूएलचा (अगदी थोडं वंगण फवारण्याच्या पद्धतीचा) नोझल तुंबतो आणि टूल कोरडं चालतं. कूलंट तपासायच्या रिफ्रॅक्टोमीटरवरही विसंबू नका, तो पाण्यात मिसळलेल्या तेलाचं प्रमाण दाखवतो, ग्राफीनचं नाही.

आणि कडक केलेल्या स्टीलला साधी फिनिश हवी असेल तर सरळ सीबीएन (क्युबिक बोरॉन नायट्राइड हा कठीण पदार्थ) इन्सर्ट, म्हणजे बदलता येणारी धार, लावा. हिरा काढायचा तो आरशासारखी फिनिश लागणाऱ्या मोल्डसाठी.

ग्राफीनची सुकी पावडर पंख्याखाली तोलू नका, मास्क लावा. आमच्या तराजूभोवतीची भिंत अजून काळी आहे.