व्हॅनचे ऑइल सील बदलताना या चुका टाळा

आमच्याकडे अंबाजोगाईला व्हॅन लग्नसराईत वऱ्हाडाच्या, नवरात्रात तुळजापूरच्या आणि एरवी आजीला लातूरच्या दवाखान्यात नेण्याच्या कामी येते. त्यामुळे अंगणातल्या शहाबादी फरशीवर मागच्या डाव्या चाकाच्या आतल्या बाजूला रुपयाएवढा काळपट डाग दिसला, तेव्हा घाईने तेथील ऑइल सील, म्हणजे फिरत्या दांड्याभोवती बसून ऑइल अडवणारी रबरी कडी, बदलून घेतले. तीन महिन्यांत डाग पुन्हा दिसला, सील पुन्हा बदलले आणि पावसाळा संपेपर्यंत तिसऱ्यांदा तीच वेळ आली. त्या अनुभवातून मनावर ठसलेली गोष्ट अशी की, सील क्वचितच आपण होऊन निकामी होते. बहुतेक वेळा त्याला निकामी करणारे कारण शेजारीच असते आणि ते शोधल्याशिवाय नवे सील बसवणे म्हणजे पैसे आणि दिवस दोन्ही वाया घालवणे होय.

पहिली चूक होते ती गळणारा द्रव न ओळखण्याची. मागच्या चाकाच्या आत एक्सलचे (चाक फिरवणाऱ्या दांड्याचे) ऑइल सील आणि ब्रेकचा व्हील सिलिंडर (ब्रेक ऑइलच्या दाबावर चालणारा भाग) जवळजवळ असतात. गिअर ऑइल दाट असते आणि त्याला गंधकासारखा उग्र वास येतो. ब्रेक ऑइल पातळ, फिकट पिवळसर असते आणि रंगावर पडल्यास रंग सोलून काढते. दोन बोटांत घेऊन पाहिले तरी फरक कळतो. ब्रेक ऑइल निघाले तर गाडी अजिबात रस्त्यावर काढू नये.

इंजिनाच्या बाबतीत फसगत वेगळ्या प्रकारे होते. वरच्या व्हॉल्व्ह कव्हरच्या गॅस्केटमधून झिरपलेले ऑइल ओघळत खाली येते आणि क्रँकचे (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याचे) मागचे सील गेल्यासारखे दिसते. त्या सीलपर्यंत पोहोचण्यासाठी गिअरबॉक्स उतरवावा लागत असल्याने हा गैरसमज फार महागात पडतो. आपल्या भागात त्या ओघळावर धूळ आणि काळी माती बसून जाड थर तयार होतो व गळतीचे मूळ दिसेनासे होते. म्हणून इंजिन थंड असताना तो थर खरवडून डिझेलने धुवावा, पुसून कोरडे करावे, पंधरा-वीस किलोमीटर गाडी चालवावी आणि मग टॉर्च घेऊन वरून खाली पाहत यावे; ओलाव्याची सर्वांत वरची जागा हीच बहुधा गळतीची जागा असते.

आता आमच्या व्हॅनकडे येतो. मारुतीच्या ओम्नी आणि ईको या दोन्ही व्हॅन मागच्या चाकांवर ओढल्या जात असल्यामुळे मागे डिफरन्शियलचे (मागच्या दोन्ही चाकांना गती वाटून देणाऱ्या गिअरांचे) हाऊसिंग असते आणि त्यातील हवेला बाहेर पडण्यासाठी एक लहानसा ब्रीदर दिलेला असतो. तिसऱ्या वेळी एका वयस्कर मेकॅनिकने सीलला हात लावण्याआधी तो ब्रीदर काढून माझ्या तळहातावर ठेवला. ओढ्यातून आणि शेतरस्त्यातून गेलेल्या चिखलाने तो असा भरला होता की, माती भाजल्यासारखी कडक झाली होती आणि फुंकर मारली तरी हवा जात नव्हती. गाडी चालू लागली की, हाऊसिंग तापते, आतली हवा फुगते, तिला वाट मिळत नाही आणि तो दाब ऑइलला सीलच्या ओठापलीकडे, म्हणजे शाफ्टला घासणाऱ्या रबरी कडेपलीकडे, ढकलतो. उन्हाळ्यात बाहेरच पारा चाळिशीच्या वर असतो, त्यामुळे हाऊसिंग आणखी तापते. ब्रीदर साफ केल्यानंतर बसवलेले सील आजही कोरडे आहे. इंजिनात हेच काम पीसीव्ही व्हॉल्व्ह (आतला दाब बाहेर सोडणारी झडप) करतो. तो चोंदला तर क्रँकची सीले अशीच गळू लागतात.

दुसरे कारण शाफ्टवर पडलेली चर. सीलचा ओठ जेथे घासतो, तेथून नख फिरवावे. नख अडकले तर नवे सीलही तेथे टिकणार नाही. चाकाच्या बेअरिंगमध्ये खेळ असेल तर शाफ्ट वरखाली हलतो आणि ओठ एका बाजूने झिजतो, म्हणून आधी बेअरिंग बदलावे.

सील विकत घेताना फक्त गाडीचे नाव सांगू नये. सीलवर आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी मिलिमीटरमध्ये कोरलेली असते. ते आकडे जुन्या सीलशी ताडून पाहावेत. साधे नायट्राइल रबर सुमारे १०० अंश सेल्सिअसपर्यंतच्या सततच्या उष्णतेसाठी असते, तर फ्लोरो रबर २०० अंशांच्या आसपास टिकते. म्हणून इंजिनासाठी मूळ सील ज्या रबराचे होते, त्याच रबराचे घ्यावे.

बसवताना होणाऱ्या चुका साध्या असल्या तरी त्याच सर्वाधिक नडतात. जुने सील पेचकसाने उचकटताना ते ज्या खाचेत बसते, तिच्या भिंतीवर ओरखडा पडला की, ऑइल सीलच्या बाहेरून वाट काढते. स्प्रिंगची बाजू ऑइलकडे असावी. कोरडे सील शाफ्टवर सरकवल्यास ओठ पहिल्याच फेऱ्यांत जळतो, म्हणून त्याला थोडे ऑइल लावावे. हातोडी थेट मारू नये. सीलच्या बाहेरच्या कडेएवढ्या व्यासाचा पाइप किंवा मोठी गोटी (पान्याचे सॉकेट) ठेवून हलक्या ठोक्यांनी ते सरळ बसवावे. ओठावर शेलॅक (सांधे बंद करण्याचा चिकट लेप) लावण्याची सवय तर सोडूनच द्यावी. पिनियनचे (डिफरन्शियलमध्ये गती आणणाऱ्या लहान गिअरचे) सील बदलताना नट खोलण्याआधी नट आणि शाफ्ट दोन्हींवर खूण करावी, कारण नट जास्त आवळला गेल्यास बेअरिंगवर नको इतका ताण येतो.

एक्सलच्या सीलकडे केवळ ऑइलची नासाडी म्हणून पाहणे ही मला सर्वांत गंभीर चूक वाटते. ब्रेकच्या ड्रममध्ये शिरलेले गिअर ऑइल लायनर (ड्रमवर घासून गाडी थांबवणारे अस्तर) शोषून घेतात आणि त्या चाकाचा ब्रेक लागेनासा होतो. पेट्रोलने धुतलेले लायनर वरवर कोरडे दिसतात, पण तापले की ऑइल पुन्हा बाहेर येते. त्यामुळे ते बदलावेत आणि दोन्ही बाजूंचे एकदमच बदलावेत. हे काम करताना गाडी नुसत्या जॅकवर ठेवू नये. खाली स्टँड लावावेत, पुढच्या चाकांना लाकडाचे अडसर द्यावेत.

टायमिंग बेल्ट उतरवला असेल तर पुढची क्रँक आणि कॅमची (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याची) सीले, क्लचसाठी गिअरबॉक्स उतरला असेल तर मागचे क्रँक सील त्याच वेळी पाहून घ्यावे.

काम झाल्यावर गाडी सपाट जागेवर उभी करून डिफरन्शियलच्या फिलर प्लगच्या (ऑइल भरण्याच्या बुचाच्या) भोकाच्या खालच्या कडेपर्यंत ऑइल भरावे आणि दोनशे किलोमीटरनंतर पुन्हा एकदा खाली वाकून पाहावे. ओठाजवळ नुसता ओलसरपणा असेल तर काळजीचे कारण नाही. थेंब लोंबकळताना दिसला तर आधी ब्रीदर तपासावा.