कॉलेजसाठी लॅपटॉप किती इंची घ्यावा?
रोज पाठीवर घेऊन फिरायचा असेल तर सरळ १४ इंची बघा, साधारण दीड किलोच्या आसपास बसतो आणि वर्गातल्या छोट्या बाकावर शेजारी वहीलाही जागा उरते. १५.६ इंची स्क्रीन दुकानात मस्तच वाटते हो, पण त्यात चार्जर, पुस्तकं, पाण्याची बाटली असं सगळं धरलं की संध्याकाळपर्यंत खांदे भरून येतात, म्हणून वजन चार्जरसकट विचारा, हे बरेच जण विसरतात. स्क्रीन १६:१० रेशोची (म्हणजे रुंदी-उंचीच्या प्रमाणाची) मिळाली तर उत्तम, उंची जास्त असते त्यामुळे पीडीएफ वाचताना स्क्रोल कमी करावं लागतं. कॅड (कॉम्प्युटरवर डिझाइन काढणं) किंवा व्हिडिओ एडिटिंगवाल्यांना मोठी स्क्रीन लागतेच, पण तेही १४ इंची घेऊन घरी मॉनिटर जोडू शकतात, फक्त एचडीएमआय पोर्ट, म्हणजे मॉनिटरची केबल लावायची जागा, आहे का ते आधी बघा.